न्यू जर्सीत पहिलं घर: डाउन पेमेंटच्या सरकारी मदतीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई एडिसनजवळ भाड्याने राहतात. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे. लग्न गेल्या वर्षी झालं, नवरा स्वतःच्या एच-वन-बीवर आहे. ४ लाख २० हजार डॉलरचं एक टाउनहाउस मनात भरलंय आणि हाताशी २२ हजार डॉलर आहेत. राज्य सरकार डाउन पेमेंटला १५ हजार डॉलर देतं असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. ते खरं का, घ्यावं का, की सासरे म्हणतात तशी पुण्यातली एफडी मोडून पैसे मागवावेत?

मी या राज्यात सतरा वर्षं गृहकर्जं करतोय आणि हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा येतो. ऐकलेलं खरं आहे. पण 'देतं' या शब्दाशी जरा थांबू या.

अमेरिकेत अशा मदतीचा एकच सरकारी कार्यक्रम नाही. प्रत्येक राज्याची गृहवित्त संस्था असते, शिवाय काही काउंटी (जिल्हे), काही शहरं आणि काही बँकाही आपापलं चालवतात. न्यू जर्सीची संस्था म्हणजे न्यू जर्सी हाउसिंग अँड मॉर्गेज फायनान्स एजन्सी. ती काउंटीनुसार १० किंवा १५ हजार डॉलर देते आणि तुमचं एडिसन जिच्यात येतं ती मिडलसेक्स काउंटी १५ हजारांच्या यादीत आहे. ज्यांच्या आईवडिलांचंही घर नाही अशा पहिल्या पिढीच्या खरेदीदारांना वर आणखी ७ हजार मिळू शकतात. त्याचे निकष वेगळे आहेत, ते वाचल्याशिवाय ते ७ हजार हिशेबात धरू नका.

आता 'देतं' म्हणजे काय. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या अंतिम सह्यांच्या दिवशी टेबलावर कागदांचा जो गठ्ठा येतो, त्यात मुख्य कर्जाच्या नोटखाली (कर्ज फेडण्याच्या लेखी वचनाखाली) आणखी एक पातळ नोट असते. रक्कम १५ हजार, व्याज शून्य, मासिक हप्ता शून्य. बरेच जण तिथे थबकतात आणि विचारतात, "मग यावर सही कशाला?" सही अशासाठी की ते दुसरं गहाणखत आहे. पाच वर्षं तुम्ही त्याच घरात राहिलात, घर विकलं नाहीत, नावावरून काढलं नाहीत, रीफायनान्स केलं नाहीत (जुनं कर्ज फेडून त्याजागी नवं घेतलं नाहीत), तर ते कर्ज माफ होतं. यातलं काही मध्येच झालं तर परत करायचं. म्हणजे ही देणगी नाही आणि नेहमीचं कर्जही नाही. पाच वर्षांच्या अटीवर दिलेली उधारी, असं मी समजावतो.

इतर राज्यांत हाच प्रकार वेगवेगळ्या रूपात दिसतो. न्यूयॉर्क राज्याच्या संस्थेची मदत दहा वर्षांत माफ होते. न्यूयॉर्क शहराचा होमफर्स्ट कार्यक्रम पात्र कुटुंबाला १ लाख डॉलरपर्यंत देतो. कॅलिफोर्नियाच्या 'ड्रीम फॉर ऑल'मध्ये राज्य घराच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दीड लाख डॉलर घालतं, आणि घर विकताना वाढलेल्या किमतीत आपला वाटा घेतं. २०२३ मध्ये त्याचे ३० कोटी डॉलर ११ दिवसांत संपले. पुढच्या वर्षी त्यांनी चक्क सोडत ठेवली. म्हाडाची आठवण आली ना? मलाही आली होती. हे सांगायचं कारण इतकंच की डॅलसचा मावसभाऊ "आम्हाला तर असं मिळालं" म्हणाला, तर ते तुमच्याकडे लागू होईलच असं नाही.

आता तुमच्या आकड्यांकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथेच कळते.

अशा मदतीबरोबरचं मुख्य कर्ज बहुतेकदा एफएचएचं, म्हणजे केंद्र सरकारच्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा विमा असलेलं असतं. क्रेडिट स्कोअर ५८० च्या वर असेल तर एफएचएला साडेतीन टक्के डाउन पेमेंट चालतं. राज्याची संस्था मात्र ६२० मागते. ४ लाख २० हजारांवर साडेतीन टक्के म्हणजे १४,७००. क्लोजिंगचा खर्च मी ढोबळ तीन टक्के धरतो, म्हणजे १२,६००. वकील, टायटल इन्शुरन्स (मालकीहक्काचा विमा), अप्रेझल (घराचं मूल्यांकन), घराच्या विम्याचा पहिला हप्ता, प्रॉपर्टी टॅक्सची आगाऊ रक्कम हे सगळं त्यात आलं. एकूण २७,३००. तुमच्याकडे २२ हजार आहेत, म्हणजे ५,३०० कमी पडतात. राज्याचे १५ हजार आले तर स्वतःचे १२,३०० लागतील आणि ९,७०० हातात उरतील.

हे उरलेले ९,७०० हेच या मदतीचं खरं मोल आहे. घर ताब्यात आल्यावर पहिल्या हिवाळ्यात फर्नेस बंद पडलेली मी इतक्या वेळा पाहिलीय की सगळी पुंजी क्लोजिंगच्या टेबलावर रिकामी करून आलेल्या माणसाची मला धास्ती वाटते.

पण या मदतीला एक दुसरी बाजू आहे आणि ती जाहिरातीत नसते. मदत घेतली की मुख्य कर्जही त्याच कार्यक्रमाचं, त्यांच्या यादीतल्या लेंडरकडून (कर्ज देणाऱ्या संस्थेकडून) घ्यावं लागतं. त्याचा व्याजदर बाजारात तुम्हाला मिळू शकणाऱ्या दरापेक्षा जास्त असू शकतो. नेहमी असतोच असं नाही, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. समजा, बाजारात ६.५ टक्के मिळतोय आणि मदतीसोबत ७ टक्के. ४ लाख ५ हजार ३०० डॉलरच्या तीस वर्षांच्या कर्जावर महिन्याला साधारण १३५ डॉलरचा फरक पडतो. पाच वर्षांत ८,१००. म्हणजे १५ हजार माफ झाले तेव्हा तुम्ही त्यातले निम्म्याहून जास्त व्याजातून भरलेले असतात. दहा वर्षं तेच कर्ज चालू ठेवलंत तर १६ हजारांच्या वर जातात, म्हणजे मिळाले त्यापेक्षा जास्त गेले. अर्धा टक्का हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय. तुमच्या बाबतीत पाव टक्का असेल किंवा काहीच नसेल. पण हा गुणाकार केल्याशिवाय 'फुकटचे पंधरा हजार' म्हणू नका.

त्यावर लगेच उत्तर येतं, "दर उतरले की रीफायनान्स करू." २०२३ च्या ऑक्टोबरात तीस वर्षांचा सरासरी दर पावणेआठ टक्क्यांच्या पुढे गेला होता. तेव्हा घर घेतलेला प्रत्येक जण रीफायनान्सची वाट बघत बसला. पण पाच वर्षांच्या आत रीफायनान्स केलंत की ते १५ हजार परत द्यावे लागतात. म्हणजे दर उतरले तरी हात बांधलेले. जास्त दर आणि वर रीफायनान्सला कुलूप, हे दोन्ही एकत्र बघायचं असतं. लोक एकेकटं बघतात.

एफएचएचा विमाही धरा. सुरुवातीचा १.७५ टक्के कर्जातच मिळवला जातो, तुमच्या बाबतीत सुमारे ७,१००. शिवाय दरवर्षी साधारण ०.५५ टक्के, म्हणजे महिन्याला १८५ डॉलरच्या आसपास. डाउन पेमेंट दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर हा विमा कर्ज फिटेपर्यंत सुटत नाही. कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी विम्याशिवायच्या कर्जातला पीएमआय (खासगी कर्जविमा) मात्र कर्ज घराच्या मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की अर्ज करून काढता येतो, आणि हप्ते वेळच्या वेळी चालू असतील तर ७८ टक्क्यांवर आपोआप निघतो.

आता व्हिसा. ही गोष्ट गेल्या काही वर्षांत बदलली आहे आणि जुने लेख वाचून लोक फसतात. २०२५ च्या मार्चमध्ये हाउसिंग खात्याने, म्हणजे एचयूडीने, एफएचएचे नियम बदलले. २५ मे २०२५ पासून कायम रहिवासी नसलेल्यांना एफएचए कर्ज मिळत नाही. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन सगळे त्यात आले. म्हणजे तुमच्या घरात एफएचएचं कर्ज फक्त तुमच्या नावावर, तुमच्या एकटीच्या पगारावर होऊ शकतं. नवरा कर्जात सहअर्जदार होऊ शकत नाही. घराच्या टायटलवर त्याचं नाव घालायचं का आणि कसं, हे क्लोजिंगच्या वकिलाला आधीच विचारा.

इथे एक मेख आहे. कर्जाला पात्रता तुमच्या एकटीच्या पगारावर ठरते, पण मदतीची उत्पन्न मर्यादा मोजताना सरकारी रोखे (बॉण्ड) विकून उभारलेल्या पैशांवर चालणाऱ्या अशा बऱ्याच कार्यक्रमांत घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न धरतात. नवऱ्याचा पगार कर्ज घ्यायला कामाचा नाही, पण मर्यादेच्या बाहेर काढायला पुरेसा! दोघंही नोकरीत असलेल्या आपल्या घरांत बहुतेक प्रकरणं इथेच संपतात. तुम्ही पगार लिहिलेले नाहीत. काउंटी आणि घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे मर्यादेचा तक्ता संस्थेच्या संकेतस्थळावर असतो. बाकी काही करायच्या आधी तो बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

पुढचा निकष 'पहिलं घर'. कायद्याच्या भाषेत याचा अर्थ गेल्या तीन वर्षांत तुमच्या मालकीचं, स्वतः राहण्याचं घर नव्हतं. मग पुण्यातल्या फ्लॅटचं काय? वाकडला किंवा हिंजवडीला एक फ्लॅट घेऊन ठेवलेला नाही असा आयटीतला मराठी माणूस विरळा. तो भाड्याने दिला असेल आणि तुम्ही तिथे राहत नसाल तर तेवढ्याने अर्ज बाद होईलच असं नाही. पण लपवायचा नाही. एका जोडप्याने मला फ्लॅटबद्दल अवाक्षर सांगितलं नव्हतं. अंडररायटरला (लेंडरकडे कर्जाची फाइल तपासणाऱ्याला) बँक स्टेटमेंटमध्ये दर महिन्याच्या चार-पाच तारखेला भारतात जाणारे ६१० डॉलर दिसले. त्याने साधा प्रश्न विचारला, हे कसले? तो ईएमआय होता. तो त्यांच्या उत्पन्नाशी असलेल्या कर्जफेडीच्या प्रमाणात धरावा लागला आणि जे आधी जेमतेम बसत होतं ते बसेना. सुरुवातीलाच सांगितलं असतं तर आम्ही थोडं स्वस्त घर बघितलं असतं. तोवर त्यांनी इन्स्पेक्शन आणि अप्रेझलचे पैसे भरून झाले होते. ते गेले.

आता सासऱ्यांची एफडी. मला हा पर्याय तुमच्या बाबतीत वाईट वाटत नाही, कारण तुम्हाला कमी पडतात फक्त ५,३००. थोडी शिल्लक राहावी म्हणून १० हजार डॉलर मागवलेत तरी गाडी चालते. जवळच्या नातेवाइकांची भेट एफएचएलाही चालते आणि कन्व्हेन्शनललाही. भारतातून लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत बँक टीसीएस (पैसे पाठवताना आगाऊ कापला जाणारा कर) कापत नाही. त्यापुढच्या रकमेवर भेटीच्या पैशाला २० टक्के कापते. तो पुढे सासऱ्यांच्या रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. तुमची गरज त्या मर्यादेत बसते किंवा जेमतेम बाहेर जाते. अमेरिकेच्या बाजूला, परदेशी व्यक्तीकडून वर्षभरात १ लाख डॉलरपेक्षा जास्त भेट आली तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर नसतो, पण फॉर्म विसरलात तर दंड जबर आहे. तुमचं तिथपर्यंत जात नाही.

कागदांबाबत मात्र काटेकोर राहा. लेंडर गिफ्ट लेटर मागेल. त्यात सासऱ्यांनी स्पष्ट लिहायचं की हे पैसे परत करायचे नाहीत. ते खरंही असलं पाहिजे. "दोन वर्षांत देऊ बाबांना" असं आपल्यात तोंडी ठरलेलं असतं आणि खाली सही करतात. ते खोटं निवेदन होतं, करू नका. एफडी मोडल्याची पावती, बचत खात्यात जमा झालेली रक्कम, तिथून वायर, इकडे तुमच्या खात्यात आलेली नोंद, ही साखळी अखंड दिसली पाहिजे. मध्येच काकांच्या खात्यातून फिरवून आणलं की अंडररायटर काकांचेही कागद मागतो. आणि काका साताऱ्याला.

पैसे लवकर मागवलेत तर आणखी बरं. खात्यात दोन महिन्यांची स्टेटमेंट उलटून गेली की त्या रकमेबद्दल प्रश्न कमी येतात. पण म्हणून कुठून आले हे खोटं सांगायचं नाही, विचारलं तर भेट आहे असंच सांगायचं.

या सगळ्याच्या जोडीला तिसरा रस्ता आहे आणि माझा कल तिकडे जास्त आहे. कन्व्हेन्शनल कर्जात पहिलं घर घेणाऱ्याला तीन टक्के डाउन पेमेंट चालतं. तुमच्या घरावर ते १२,६०० होतं. याच्या नेहमीच्या प्रकाराला उत्पन्नाची मर्यादा नाही. होमरेडीसारख्या खास प्रकारांत ती आहे, भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्के. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक, म्हणजे लेंडरकडून अशी कर्जं विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्था, कायदेशीर व्हिसावर असलेल्यांनाही चालवतात, म्हणजे नवऱ्याचा पगारही कर्जात धरता येतो. स्कोअर ७४० च्या वर असेल तर पीएमआय फार जड पडत नाही. इथे राज्याचे १५ हजार नाहीत, पण पाच वर्षांचं कुलूपही नाही. सासऱ्यांकडून ५ ते १० हजार आले की हे बसतं.

तुमच्या घरात एकाचा व्हिसा नोकरीवर लटकलेला आहे, म्हणून मी हे आग्रहाने सांगतोय. नवऱ्याची नोकरी गेली तर त्याच्याकडे साधारण ६० दिवस असतात. कदाचित तुम्हाला टेक्सासला किंवा सिएटलला जावं लागेल. अशा वेळी घर भाड्याने देऊन निघता येतं का, हा प्रश्न उभा राहतो. राज्याच्या मदतीत घर सोडलं की १५ हजार परत. कन्व्हेन्शनल कर्जात पहिलं वर्ष स्वतः राहिलात की पुढे परिस्थिती बदलली तर सहसा भाड्याने देता येतं. पाच वर्षं इथेच राहणार याची खात्री देणारं जोडपं माझ्यासमोर बसलं असेल, पगार मर्यादेत असतील आणि दरातला फरक छोटा असेल, तर मी त्यांना मदत घ्याच म्हणतो. एका शाळेत मदतनीस असलेल्या बाईंना २०१९ मध्ये तेव्हाच्या योजनेतून १० हजार मिळाले होते. गेल्या गणपतीत त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी संस्थेचं पत्र दाखवलं, दुसरं गहाणखत सुटल्याचं. देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. त्यांच्यासाठी ते घर त्या मदतीशिवाय झालंच नसतं.

वेळेचंही सांगतो. मदतीच्या प्रकरणात फाइल दोन ठिकाणी तपासली जाते, लेंडरकडे आणि संस्थेकडे. तीस दिवसांत क्लोजिंगचा करार करू नका, पंचेचाळीस मागा. विकणाऱ्याकडे दोन ऑफर असतील तर तो कमी कटकटीची उचलतो, हेही धरून चाला. आणि पितृपक्षाचा विषय आधीच घरात काढा. एका कुटुंबाला सर्वपित्रीच्या आदल्या दिवशीची क्लोजिंगची तारीख आली. आईचा नागपूरहून फोन, पुढे ढकला. ढकललं तर रेट लॉक (ठरलेला व्याजदर राखून ठेवण्याची मुदत) संपणार होता आणि मुदतवाढीला सहाशे-सातशे डॉलर पडणार होते. शेवटी सह्या त्या दिवशी केल्या आणि कलश घटस्थापनेला नेला. आईंना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

एक जुनी गोष्टही माहीत असू दे. २००८ पर्यंत विकणाराच एखाद्या संस्थेमार्फत डाउन पेमेंट पुरवायचा आणि तेवढी किंमत वाढवून घ्यायचा. अशी कर्जं फार बुडाली आणि त्या वर्षीच्या कायद्याने एफएचएमध्ये हा प्रकार बंद झाला. तसंच आज कुणी "आम्ही तुमची मदत मंजूर करून देतो, आधी ५०० डॉलर फी भरा" म्हणालं तर फोन ठेवून द्या. खऱ्या कार्यक्रमात असा मंजुरीचा दलाल नसतो. अर्ज यादीतल्या लेंडरमार्फतच जातो.

तुम्ही या आठवड्यात करायचं ते असं. उत्पन्नाचा तक्ता बघा. मर्यादेत असाल तर संस्थेच्या यादीतल्या एका लेंडरकडून मदतीसकट आणि एका बाहेरच्या लेंडरकडून तीन टक्के कन्व्हेन्शनलचं, असे दोन लोन एस्टिमेट (कर्जाचा दर आणि खर्च मांडणारे अंदाजपत्रक) एकाच दिवशी मागवा. दिवस बदलला की दर बदलतो आणि तुलनेला अर्थ राहत नाही. अर्ज दिल्यापासून कामाच्या तीन दिवसांत ते देणं त्यांना बंधनकारक आहे. मदत घ्यायचं ठरलं तर घर खरेदीचा समुपदेशन वर्ग करावा लागतो. एचयूडीमान्य संस्थांची यादी एचयूडीच्या संकेतस्थळावर आहे. वर्ग ऑनलाइन होतो, प्रमाणपत्र मिळतं. तो आधी उरका, शेवटच्या आठवड्यात त्यापायी फाइल अडलेली मी पाहिलीय.

आणि हो, तुम्ही टाउनहाउस लिहिलंय पण एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) मासिक फी लिहिलेली नाही, प्रॉपर्टी टॅक्सही नाही. न्यू जर्सीत सरासरी टॅक्सच २०२४ मध्ये वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेला. हे दोन आकडे पाठवा. त्यानंतरच महिन्याचा खरा हप्ता सांगता येईल.